कुंग फू शिकायचंय? आधी मास्तर पारखा!

मित्रांनो, दर वर्षी फर्स्ट इयरची पोरं हॉस्टेलवर जरा रुळली, मेसच्या वरणाची सवय झाली, की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "दादा, इथं जवळपास कुंग फूचा चांगला क्लास आहे का? ओरिजिनल पाहिजे, आणि फी जास्त नको." प्रश्न माझ्याकडेच येतो, कारण संध्याकाळी खांद्यावर बॅग अडकवून क्लासला जाणारा आमच्या विंगमधला मी एकटाच. क्लास पक्का करण्याआधी मी आणि माझ्या रूम पार्टनरनं चंद्रपूर-बल्लारपूरमधले बरेच क्लास पायाखाली घातले. गडचिरोलीच्या मित्रांनी त्यांच्याकडची माहिती दिली. दर वेळी नव्यानं उत्तर देण्यापेक्षा म्हटलं एकदाच लिहून काढावं.

रूम पार्टनर एटापल्लीकडचा. त्याचं पहिलं मत असं होतं, "कायले पाहिजे बे तुले कुंग फू? जंगलात वाघ आला तं कुंग फू करशीन का पळशीन?" प्रश्न अगदी रास्त आहे. वाघासमोर कुंग फू चालत नाही हे आधीच मान्य करतो. पण अंगात ताकद यावी, शरीर आपलं ऐकायला लागावं, रात्री स्टँडवरून एकटं येताना मान ताठ राहावी, दिवसभर प्रॅक्टिकल आणि सबमिशनमध्ये आंबलेलं डोकं तासभर तरी मोकळं व्हावं, एवढ्यासाठी कुणाला शिकावंसं वाटलं तर त्यात हसण्यासारखं काहीच नाही. फक्त घरून येणाऱ्या पैशांत हे बसवायचं असतं. आणि तेवढ्याच पैशांत फसायलाही होतं.

कुंग फू म्हणजे नेमकं काय?

आधी शब्दापासून सुरुवात करू. चिनी भाषेत 'गोंगफू' या शब्दाचा मूळ अर्थ मारामारी असा नाहीच. वेळ आणि कष्ट घालून कमावलेलं कौशल्य, असा त्याचा अर्थ. उत्तम स्वयंपाक करणाऱ्याचंही 'गोंगफू' असतं. आपल्याकडे ज्याला आपण 'हात बसणं' म्हणतो, त्याच्या जवळ जाणारा शब्द. लढण्याच्या कलेला चीनमध्ये 'वुशू' म्हणतात. बाहेरच्या जगात मात्र कुंग फू हेच नाव चिकटलं आणि ते चिकटवण्यात सिनेमाचा हात मोठा आहे.

ब्रूस लीचा 'एंटर द ड्रॅगन' १९७३ साली आला. त्याच वर्षी जुलैमध्ये, सिनेमा लागायच्या आधीच ब्रूस ली गेला. हाँगकाँगमध्ये तो इप मान (१८९३–१९७२) यांच्याकडे विंग चुन शिकला होता आणि पुढे त्यानं स्वतःची वेगळीच पद्धत काढली. जॅकी चॅन लहानपणी पेकिंग ऑपेराच्या शाळेत कोलांट्याउड्या आणि अभिनय शिकला. जेट ली हा चीनच्या क्रीडा वुशूचा चॅम्पियन. म्हणजे आपण ज्या तिघांकडे बघून 'कुंग फू शिकायचं' म्हणतो, त्या तिघांचं शिक्षण तीन वेगळ्या प्रकारचं आहे. चीनमध्ये अशा शेकडो शैली आहेत. काही लांब पल्ल्याच्या उड्यांच्या, काही जवळून हात चालवण्याच्या, तर ताई ची सारख्या काही संथ. (ताई चीला २०२० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली.) तेव्हा 'कुंग फू शिकवतो' एवढंच कुणी सांगितलं तर पुढचा प्रश्न आलाच पाहिजे: "सर, कोणती शैली? आणि तुम्ही कुणाकडे शिकलात?"

बोधिधर्माची गोष्टही बहुतेकांनी ऐकलेली असते. दक्षिण भारतातला राजपुत्र भिक्षू होऊन चीनला गेला आणि त्यानं शाओलिनच्या भिक्षूंना कुंग फू शिकवलं. ऐकायला छाती फुलते. पण शाओलिन मठ इसवी सन ४९५ चा आणि व्यायामाची ही गोष्ट सापडते ती थेट सतराव्या शतकातल्या लिखाणात. भिक्षू लढले याचा जुना आणि पक्का पुरावा म्हणजे ७२८ सालचा शिलालेख. ६२१ मध्ये त्यांनी तांग घराण्याच्या राजपुत्राला युद्धात मदत केल्याची नोंद त्यात आहे. एखाद्या क्लासच्या पत्रकावर 'पाच हजार वर्षांची अखंड परंपरा' असं छापलेलं दिसलं की हे आठवा. परंपरा जुनी असू शकते, पण आपल्याला शिकवणारा माणूस आजचा असतो आणि तपासायचं असतं ते त्याला.

बोर्डावर काय आणि आत काय?

आपल्या भागात बोर्डावर बहुतेक वेळा 'कराटे – कुंग फू – किक बॉक्सिंग – योगा' असं सगळं एकत्र लिहिलेलं असतं. आत गेल्यावर साधारण कराटेच चाललेलं दिसतं. यात लबाडी असेलच असं नाही. कुंग फू नावाला गिऱ्हाईक येतं म्हणून ते नाव लावलेलं असतं. नातंही आहेच. कराटे ओकिनावा बेटावर चिनी विद्येच्या प्रभावातून वाढलं. त्याचं नाव पूर्वी 'चिनी हात' अशा अर्थानं लिहीत, पुढे १९३० च्या दशकात 'रिकामा हात' हे लिखाण पक्कं झालं.

बेल्टचंही असंच. 'कुंग फूचा ब्लॅक बेल्ट' हा शब्दप्रयोग ऐकला की थोडं थबकायचं. बेल्टची पद्धत मूळ ज्युदोची. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जपानमध्ये ज्युदोची शाळा काढली, त्या दशकात काळा पट्टा आला आणि रंगीबेरंगी पट्टे त्यानंतर युरोपात रूढ झाले. पारंपरिक चिनी शाळांमध्ये असे पट्टे नव्हतेच. आज काही कुंग फू शाळा सोयीसाठी पट्टे देतात, तेही चालेल. पण जो मास्तर पहिल्याच दिवशी "दीड वर्षात ब्लॅक बेल्ट, लेखी देतो" म्हणतो, त्याच्याकडून हसतमुखानं निघायचं. आपल्याकडे चार वर्षं घासूनही केट्या निघतात, दीड वर्षात कुणी पारंगत कसा होईल?

चिनी परंपरेत शिकवणाऱ्याला 'सिफू' म्हणतात. त्या शब्दात गुरू आणि बाप असे दोन्ही अर्थ आहेत. आपल्या आखाड्यातला 'वस्ताद' तोच. वस्ताद पोराला तालमीत घेताना त्याची फी किती हे नंतर बघायचा, आधी त्याची खोड बघायचा. असा माणूस सापडला तर शैलीचं नाव दुय्यम ठरतं, असं माझं मत झालं आहे. पुढचं सगळं वाचताना हे एक वाक्य लक्षात ठेवा.

आपल्या आसपास काय काय शोधता येईल?

'कुंग फू' एवढाच शब्द धरून बसलात तर आपल्या दोन जिल्ह्यांत शोध लवकर संपतो. शब्द थोडा सैल केला की दारं उघडतात.

वुशू: कुंग फूच्या सगळ्यात जवळचा, मान्यताप्राप्त खेळ. यात दोन भाग. एकात ठरलेल्या हालचालींचं सादरीकरण, त्याला 'ताओलू' म्हणतात. दुसऱ्यात प्रत्यक्ष लढत, तिला 'सांदा'. १९९० च्या बीजिंग आशियाई खेळांपासून वुशू आशियाडमध्ये आहे. मणिपूरच्या रोशिबिना देवीनं २०१८ मध्ये कांस्य आणि २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाडमध्ये रौप्य मिळवलं.

ज्युदो आणि तायक्वांदो: ज्युदो १९६४ पासून आणि तायक्वांदो २००० पासून ऑलिंपिकचा खेळ. शालेय आणि विद्यापीठ स्पर्धांमुळे यांचे प्रशिक्षक लहान शहरांतही भेटतात.

आपल्या मातीतलं: आखाडा, लाठी, दांडपट्टा, मल्लखांब. दांडपट्ट्याला २०२४ मध्ये महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला. मल्लखांबाला नवं रूप देणारे बाळंभटदादा देवधर दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले. आणि विदर्भात राहून अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं नाव घेतलं नाही तर पाप लागेल! १९१४ पासूनची ही संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकानं जर्मनीत भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. शारीरिक शिक्षणाचे पदवीधर तिथून पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडत आहेत. आपल्या शाळेतले पीटीचे सर कदाचित त्यातलेच असतील.

शोधायला सुरुवात कुठून करायची? बोर्ड आणि पत्रकांपासून नको. पहिल्यांदा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा. चंद्रपूरला आहे, गडचिरोलीलाही आहे. शालेय स्पर्धा हेच कार्यालय घेतं. त्यामुळे ज्युदो, वुशू, कराटे, तायक्वांदोची मुलं कोणाकडे तयार होतात हे तिथे माहीत असतं. दुसरं, आपल्या कॉलेजचे शारीरिक शिक्षण संचालक. तिसरं, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. गडचिरोलीत पहाटे पाचला कुठल्याही मैदानावर जा, धावणारी पोरं-पोरी दिसतील. कोणता मास्तर घाम काढतो आणि कोणता फक्त फी काढतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

फीचं गणित

आता मुद्द्याचं बोलू. 'महिना फक्त ३००' वाचून आपण खुश होतो. इंजिनीयरनं मशीन घेताना नुसती किंमत बघायची नसते, चालवण्याचा खर्चही बघायचा असतो. क्लासचंही तसंच. खाली समजुतीसाठी दोन काल्पनिक क्लास घेतले आहेत. आकडे माझे आहेत, तुम्ही तुमचे टाका. हॉस्टेलचं वर्ष दहा महिन्यांचं, म्हणजे ४० आठवडे धरू.

क्लास 'अ': मासिक फी ३००, वर्षाचे ३०००. युनिफॉर्म त्यांच्याकडूनच घ्यायचा, १५००. बेल्ट परीक्षा वर्षात तीन, प्रत्येकी ७००, म्हणजे २१००. उन्हाळी कॅम्प सक्तीचा, २५००. 'आंतरराष्ट्रीय' संस्थेचं सभासदत्व ५००. एकूण ९६००. शिकवणं आठवड्यातून दोन दिवस, एक-एक तास. वर्षाचे तास ८०. म्हणजे एका तासाला १२० रुपये.

क्लास 'ब': मासिक फी ६००, वर्षाचे ६०००. युनिफॉर्म कुठूनही घ्या, साधारण ९००. परीक्षा दोन, प्रत्येकी ३००, म्हणजे ६००. एकूण ७५००. शिकवणं आठवड्यातून तीन दिवस, दीड-दीड तास. वर्षाचे तास १८०. म्हणजे एका तासाला सुमारे ४२ रुपये.

बोर्डावर दुप्पट महाग दिसणारा क्लास तासाच्या हिशेबात जवळजवळ तिप्पट स्वस्त निघाला! म्हणून पहिल्या भेटीतच विचारा, "सर, वर्षभरात सगळं धरून किती लागतील?" प्रामाणिक माणूस आकडा सांगतो. "ते बघू नंतर, तुम्ही आधी जॉइन तर व्हा," असं उत्तर आलं तर तेही एक उत्तरच आहे. वर्षाची फी एकदम भरू नका. सत्र परीक्षा, आजारपण, गावी जाणं, आपलं काही खरं नसतं. महिन्याचे भरा, फार तर तीन महिन्यांचे.

आणि सर्टिफिकेट. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, हे सांगून सर्टिफिकेट विकणारे भेटतात. ते आरक्षण ठरावीक खेळ, मान्यताप्राप्त संघटना आणि ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळतं आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. क्लासच्या बेल्ट परीक्षेचं, सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट तिथे चालत नाही. ज्याच्या घरी एकरभर धानावर वर्ष काढतात, त्या पोरानं या आशेवर दहा-पंधरा हजार भरणं हे मला फार लागतं. संघटनेच्या मान्यताही वेळोवेळी बदलतात. तेव्हा पैसे भरण्याआधी क्रीडा अधिकारी कार्यालयात एकदा खात्री करून घ्या. विचारायला पैसे पडत नाहीत.

भिंतीवरचे फोटो नको, जमीन बघा

क्लासमध्ये शिरल्यावर आपली नजर भिंतीवरच्या ट्रॉफ्यांवर जाते. ती खाली न्या. जमीन काय आहे?

फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा. माणूस साधारण एक मीटर उंचीवरून पडला, म्हणजे कमरेवरून फेकला गेला, तर जमिनीला लागताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो. हा वेग शून्यावर यायला जितकं अंतर मिळेल तितका झटका कमी. ढोबळ हिशेब सोपा आहे: सरासरी डिसेलरेशन म्हणजे पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर, गुणिले 'जी'. शहाबादी फरशीवर थांबण्याचं अंतर समजा ५ मिलिमीटर मिळालं तर १००० भागिले ५, म्हणजे २०० जी. चांगल्या मॅटवर ४० मिलिमीटर मिळालं तर २५ जी. झटका आठ पट कमी! शरीराचं मांसही थोडं दबतं, त्यामुळे खरे आकडे वेगळे येतील, पण गुणोत्तराचा अर्थ तोच. फरशीवर फेकाफेकी शिकवणाऱ्याकडे थांबू नका. मॅट परवडत नसेल तर आखाड्याची भुसभुशीत माती चालते. आपल्या पूर्वजांनी हा प्रॉब्लेम फॉर्म्युल्याशिवाय सोडवला होता.

जमिनीनंतर हवा बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या बंद शेडमध्ये दुपारी चारला क्लास आणि "पाणी प्यायचं नाही, सहनशक्ती वाढते" असा नियम असेल, तर तिथे सहनशक्ती वाढत नाही, उष्माघात होतो. चांगला मास्तर उन्हाळ्यात वेळ बदलतो आणि मधे पाण्याला सोडतो.

गॅदरिंगचा शो आणि रोजचं शिकवणं

गॅदरिंगला आपण शिट्ट्या वाजवतो ते प्रकार: कौलं फोडणं, हातावर ट्यूबलाइट फोडणं, पोटावरून मोटारसायकल नेणं, खिळ्यांवर झोपणं. बघायला मजा येते, पण स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स शिकलेल्यानं तरी भुलू नये.

कौल किंवा फरशी हा ठिसूळ पदार्थ. तो दाब सहन करतो, ताण सहन करत नाही. दोन टोकांना आधार देऊन मधे मारलं की खालच्या बाजूला ताण येतो आणि तिथून तडा जातो. दोन कौलांमध्ये फटी ठेवल्या तर ती एकामागून एक फुटतात, सगळ्यांची ताकद एकत्र भिडत नाही. खिळ्यांवर झोपणं म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. खिळे हजार असतील तर प्रत्येकावर वजन थोडं. मोटारसायकलचं चाक पोटावर क्षणभरच असतं आणि पोट आवळलेलं असतं, तरी पाय घसरला तर फासळी जाते. ट्यूबलाइटमध्ये तर पारा असतो आणि काच उडते ती डोळ्यांकडे. यातल्या कशातही समोरच्या माणसाशी कसं वागायचं हे शिकायला मिळत नाही. क्लासमध्ये याचीच प्रॅक्टिस जास्त चालत असेल तर तो क्लास प्रेक्षकांसाठी आहे.

फुकट बसून काय बघायचं?

फी भरण्याआधी किमान दोन दिवस नुसतं बाजूला बसून बघू द्या, असं विनवा. 'आमची विद्या गुप्त आहे' म्हणून नकार मिळाला तर समजून जा. बसायला मिळालं तर एवढं बघा:

१. पहिल्या महिन्यातल्या पोराला मास्तर स्वतः शिकवतो, की एखाद्या आठवीतल्या पट्टेवाल्याच्या हवाली करतो?

२. जुने विद्यार्थी किती आहेत? तीन-चार वर्षं टिकलेली मुलं असतील तर काहीतरी चांगलं घडत असणार.

३. मुलाला लागलं तर काय होतं? क्लास थांबतो की हशा पिकतो? प्रथमोपचाराची पेटी आहे का?

४. पाय फाकवताना पाठीवर बसून दाबतात का? ताण हळूहळू वाढवायचा असतो. जबरदस्तीनं स्नायू फाटतो आणि पुढचे सहा महिने जातात.

५. जोडीदाराबरोबर सराव होतो का? नुसत्या हवेत लाथा मारून समोरच्याचं अंतर कळत नाही. पण पहिल्याच आठवड्यात कुणाशी तरी भिडवणं हेही तितकंच वाईट.

६. मुलींशी कसं बोलतात? हात लावून शिकवण्याआधी सांगतात का? मुलींच्या पालकांना आत बसू देतात का?

७. प्रश्न विचारलेला चालतो का? "असं का, सर?" या प्रश्नावर शिक्षा मिळत असेल तर ती शिस्त नव्हे.

मास्तरचं स्वतःचं शिक्षणही विचारा. पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (स्थापना १९६१) कोचिंग डिप्लोमा, शारीरिक शिक्षणाची पदवी, किंवा अमुक गुरूकडे अमुक वर्षं, असं काहीतरी ठोस उत्तर यायला हवं. कागद नसलेला वस्तादही उत्तम असू शकतो, पण मग त्याची मुलं बघा.

वेळ, रस्ता आणि वाघ

हा मुद्दा पुण्या-मुंबईच्या पोरांना लिहावा लागणार नाही, आपल्याला लागतो. क्लास कितीही चांगला असला तरी जायला-यायला रोजचा दीड तास जात असेल तर दुसऱ्या सबमिशनला तो सुटतो. हे मी वर्गातल्या चार जणांचं बघितलं आहे. सायकलनं वीस मिनिटांत पोचता येईल ते 'जवळ', असं माझं माप आहे.

आणि परतीचा रस्ता. रूम पार्टनरची गंमत इथे गंमत राहत नाही. ऊर्जानगर-दुर्गापूर भागात २०२२ मध्ये वाघ-बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली. शहराच्या कडेला झुडपांतून जाणारा, दिवे नसलेला रस्ता असेल तर रात्री आठचा क्लास नको. संध्याकाळी साडेपाचचा बघा, दोघं-तिघं मिळून जा, मोठ्या रस्त्यानं या. पहाटेचा क्लास असेल तर उजाडल्यावर निघा. स्वसंरक्षण शिकायला जाताना आधी रस्त्याचा विचार करणं, हा स्वसंरक्षणाचा पहिला धडा समजा.

शेवटी आम्हाला काय सापडलं?

आम्ही बघितलेल्या क्लासपैकी एका ठिकाणी ड्रॅगनची चित्रं होती, तलवारी होत्या, भिंतभर सर्टिफिकेटं होती आणि खाली फरशी होती. दुसऱ्या ठिकाणी शिकवणं बरं होतं, पण हॉस्टेलपासून तासाभराचा रस्ता. एका ठिकाणी मात्र चित्र एकही नव्हतं. जुन्या पण शिवून नीट केलेल्या मॅट होत्या आणि शाळेतली दहा-बारा मुलं-मुली धपाधप पडत होती, हसत उठत होती.

मी विचारलं, "सर, कुंग फू शिकवता का?" ते म्हणाले, "कुंग फू मला येत नाही बाळा. ज्युदो येतं. आधी पडायला शिकवतो, मग पाडायला. दोन आठवडे येऊन बस, जमलं तर फीचं बोलू." रूम पार्टनर माझ्या कानात म्हणाला, "हाच मास्तर. याले जे येत नाही ते येत नाही म्हणते." आम्ही दोघांनी तिथंच नाव घातलं. तो, कुंग फूला हसणारा, आता माझ्यापेक्षा चांगला पडतो!

कुंग फूची ओढ माझी अजून गेलेली नाही. पण पाया तयार होतो आहे. पुढे नोकरीच्या निमित्तानं मोठ्या शहरात गेलो आणि विंग चुनचा एखादा खरा सिफू भेटला, तर कोऱ्या पाटीनं जाणार नाही. ज्यांना सुट्टीत भामरागड-सिरोंच्याकडे गावी जावं लागतं त्यांनी मास्तरकडून एकट्यानं करायचा सराव लिहून घ्यावा. चिनी लोकांत एक म्हण आहे, बैल आडवा होईल एवढी जागा मूठ चालवायला पुरे. आपल्या गावी तेवढी जागा कुणाच्या अंगणात नाही?

एक विनंती, रेक्टर सरांना आणि मॅडमना

हे मासिक स्टाफरूममध्येही वाचलं जातं म्हणून धीर करून लिहितो. गर्ल्स हॉस्टेलच्या मुलींना शिकायची इच्छा आमच्याइतकीच आहे, पण गेट बंद होण्याची वेळ आणि क्लासची वेळ जुळत नाही. रस्त्याचा धोका त्यांना दुप्पट. मग मुलींना क्लासपर्यंत नेण्याऐवजी क्लास कॅम्पसवर आणता येईल का?

हिशेब करून बघा. आठवड्यातून तीन दिवस यायला एखाद्या प्रशिक्षकानं महिन्याला समजा ८००० मागितले आणि वीस जणी तयार झाल्या, तर डोकी ४०० रुपये. जाण्या-येण्याचा खर्च शून्य. जिमखाना फी आपण सगळेच भरतो. त्यातून एकदा मॅट घेतल्या की त्या पुढच्या कितीतरी बॅचना पुरतील. संध्याकाळी सेमिनार हॉल रिकामाच असतो. महिला प्रशिक्षक मिळाल्या तर उत्तमच, नाही तर एक मॅडम तेवढा वेळ हॉलमध्ये बसल्या तरी चालेल. प्रशिक्षकाचे कागद जिल्हा क्रीडा कार्यालयातून तपासून घेता येतील.

मुलींच्या प्रतिनिधींनी असा अर्ज तयार केला आहे. पहिल्या पानावर वीस नावं आहेत, मागच्या पानावर आणखी नऊ. मुलांच्या हॉस्टेलमधून मॅट उचलायला, हॉल झाडायला आम्ही तयार आहोत. मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी आपली नावं मेसच्या नोटीस बोर्डाजवळच्या वहीत लिहावीत. आणि तोवर ज्यांना बाहेर क्लास शोधायचा असेल त्यांनी शनिवारी संध्याकाळी साडेपाचला गेटवर भेटावं. मी आमच्या क्लासला घेऊन जाईन. दोन दिवस फुकट बसून बघा, मग ठरवा.